बाप्तिस्मा १८८३, भेट १८९१

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये 'साक्ष' देण्याची रीत आहे. उपासनेत एखादी बाई किंवा बाप्या उठतो आणि सांगतो, मी आधी असा होतो, मग प्रभू मला भेटला, आता मी असा आहे. दारू सुटलेली असते, भावाशी तुटलेले बोलणे सुरू झालेले असते. मंडळी 'आमेन' म्हणते. हीच साक्ष मंडळीबाहेरच्या शिकल्यासवरल्या माणसाच्या कानी पडली, की त्याच्यापाशी दोन उत्तरे तयार असतात. मिशनऱ्यांनी पोटाला घातले म्हणून बाटला, हे एक. डोक्यावर परिणाम झाला, हे दुसरे.

वरवर पाहता ही मंडळी आणि हे टीकाकार एकमेकांचे वैरी. पण आत डोकावले तर दोघांचे गृहीतक एकच निघते. देव भेटतो तो एका क्षणात, आणि माणूस पालटतो तोही त्याच क्षणात. एकजण त्या क्षणाला चमत्कार म्हणतो, दुसरा फसवणूक किंवा भ्रम म्हणतो. मला हे गृहीतकच मान्य नाही. भेट मात्र मान्य आहे. ती कशावरून, हे सांगायला मी पंडिता रमाबाईंचे चरित्र पुढे ठेवतो. कारण त्यांनी आपल्या बाप्तिस्म्याची आणि देवाच्या भेटीची अशा दोन वेगळ्या तारखा दिल्या आहेत, आणि त्या दोहोंमध्ये आठ वर्षांचे अंतर आहे.

आधी पोटाचा आक्षेप. त्यावर फार शाई खर्च करायचे कारण नाही. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांनी कमावले काय? पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे दुरावल्या, नातलगांनी पाठ फिरवली. बाबा पदमनजी, नीलकंठशास्त्री गोरे यांच्या वाट्यालाही आधी ताटातूटच आली. रमाबाईंविषयी मात्र हा आक्षेप जरा टोकदार होतो, आणि तो टाळू नये. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजच्या मठात त्या उतरल्या तेव्हा त्यांच्यापाशी पैसा नव्हता, सोबत लहानगी मुलगी मनोरमा होती आणि डोक्यावरचे छप्पर मठाचे होते. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. आश्रिताने आश्रयदात्याचा धर्म घेतला, असे कोणी म्हटले तर ते अगदीच निराधार नाही. पण हा आश्रित पुढे वागला कसा? मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी रमाबाईंचा झालेला पत्रव्यवहार वाचावा. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, बिशपांची हुकमत, या साऱ्यांवर त्या वाद घालतात. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, म्हणून भांडतात. अंडे घातलेला पदार्थ खायचा नाही म्हणजे नाही. ज्यांचे अन्न खायचे त्यांच्याशी अशी हुज्जत घालणारी बाई पोटासाठी वाकली, हे मला पटत नाही.

वाँटेजच्या भगिनींचे काम त्यांनी लंडनमध्ये पाहिले होते. समाजाने 'पतित' ठरवलेल्या बायकांना तिथे माणसात परत आणले जात होते. ज्या दुष्काळाने रमाबाईंचे आईबाप नेले, ज्या भटकंतीत भावाबरोबर अर्धा देश पायी तुडवावा लागला, त्या वाटेवर तीर्थक्षेत्रे भरपूर लागली होती. अशा बायकांना हात देणारे कोणी त्यांना दिसले नव्हते. शोमरोनी बाईची येशूशी विहिरीवर गाठ पडते, ती योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट तेव्हा त्यांच्या मनात घर करून बसली. म्हणजे १८८३ चा निर्णय विचारांती घेतलेला होता. दोन धर्मांची तुलना झाली, एक स्त्रियांना न्याय देईल असे वाटले आणि तो स्वीकारला. पंडितेला शोभेल असेच ते झाले.

आणि इथेच रमाबाई आपल्याला पेचात टाकतात. १९०७ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे लोटल्यावर त्यांना कळून चुकले, आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला पण ख्रिस्त लाभलेला नाही. हे कळायला निमित्त झाले विल्यम हॅसलम यांचे पुस्तक. हा इंग्लंडातला पाद्री स्वतःच्याच व्यासपीठावर प्रवचन देता देता पालटला होता. धर्म शिकवणाऱ्यालाच देव भेटलेला नसू शकतो, ही गोष्ट रमाबाईंच्या जिव्हारी लागली असणार. एका पाद्र्याने ती मोकळेपणी कबूल करावी आणि एका पंडितेने ती स्वतःला लावून पाहावी, याला मी प्रामाणिकपणा म्हणतो. धर्मांतराची सगळी रजिस्टरे, मिशनांचे सगळे आकडे, आणि आपल्याकडची धर्मांतरविरोधी सगळी भाषणे १८८३ च्या त्या तारखेभोवती घुटमळतात. १८९१ ची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

आता खरा कठीण आक्षेप. मी विरोधी बाजूने बोलत असतो तर हाच पुढे केला असता. रमाबाईंचे विधवांसाठीचे शारदासदन मुंबईत उघडले ११ मार्च १८८९ रोजी. 'स्त्रीधर्मनीति' १८८२ ची, हंटर आयोगापुढली जबानीही त्याच वर्षीची, अमेरिकेत गाजलेले 'द हाय कास्ट हिंदू वुमन' १८८७ चे. मग १८९१ च्या भेटीने पालटले काय? बाई आधीपासूनच निर्भय होती, सेवाही आधीपासून चालू होती. भेट झाली नसती तरी हे सगळे झालेच असते.

आक्षेप बिनतोड वाटतो, पण त्या काळातल्या घडामोडी एकेक करून पाहाव्यात. १८९१ पूर्वीच्या रमाबाई समित्यांच्या आणि सल्लागार मंडळांच्या आधाराने चालत होत्या. संस्थेत धर्माचे नाव काढायचे नाही, अशी अट त्यांनी पत्करली होती आणि मंडळात रानडे, भांडारकरांसारखी वजनदार माणसे होती. पुढे त्या आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करू लागल्या, मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ मध्ये मंडळाने राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. पुण्यातले सुधारक वर्तुळ, म्हणजे त्यांचे हक्काचे माहेर, त्यांनी गमावले. १८८३ च्या बाप्तिस्म्यानेही जे पुरते तुटले नव्हते ते १८९३ ला तुटले. आणि त्यांनी दार लावून घेतले नाही.

दुसरा पालट याहून मोठा. शारदासदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते. त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच तशी कबुली आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून ज्या मुली घेऊन आल्या त्या कुठल्या जातीच्या हे विचारत बसल्या नाहीत. केडगावला 'मुक्ती' हा आश्रम उभा राहिला तो या मुलींच्या बळावर. ब्राह्मण विधवेपासून कुठल्याही उपाशी पोरीपर्यंतचा हा प्रवास एकट्या १८९१ मुळे झाला, असे मी म्हणणार नाही. दुष्काळ हेही कारण आहे. स्वतः त्यांनी आईबापांना अन्नावाचून जाताना पाहिले होते, ते तर आहेच. माणसाच्या आयुष्यात देव एकटा वावरत नाही, हवापाणी आणि रोगराईही वावरतात. पण १८८० च्या दशकातही त्याच उपासमारीच्या आठवणी होत्या आणि ही झेप तेव्हा घेतली गेली नव्हती, एवढे तरी मान्य करावे लागेल.

झेपेची किंमतही पडली, ती लपवून ठेवणारे साक्षीदार मला आवडत नाहीत. वाँटेजशी भांडणारी ती चौकस रमाबाई केडगावात उत्तरोत्तर कमी दिसते. स्त्रीच्या हक्कांवर राष्ट्रीय सभेत, आयोगात, वर्तमानपत्रांत जो आवाज घुमला असता तो एका माळरानावरच्या आश्रमात बंदिस्त झाला. मराठी स्त्रीचळवळीच्या दृष्टीने हा तोटाच.

भेट झाली पण पालट लगेच आला नाही, असे उलट उदाहरण हवे असेल तर जॉन न्यूटन. 'अमेझिंग ग्रेस' हे भजन लिहिणारा इंग्रज. गोष्ट १७४८ च्या मार्चमधली. वादळात जहाज बुडू लागले, त्याने देवाचा धावा केला, वाचला. ही त्याची भेट. चर्चमधल्या गोष्टींमध्ये पुढचे पान असे सांगतात, की गुलामांचा व्यापारी तिथल्या तिथे पश्चात्ताप पावला. प्रत्यक्षात १७५० ते १७५४ या काळात त्याने गुलामांच्या जहाजावर कप्तान म्हणून तीन फेऱ्या केल्या, आणि तेव्हाही तो खलाशांसाठी नेमाने प्रार्थना घेत असे. तळघरात बेड्यांत माणसे, वरती प्रार्थना. समुद्र सोडला तो प्रकृतीमुळे. गुलामगिरीविरुद्धची त्याची पुस्तिका निघाली १७८८ मध्ये, वादळानंतर चाळीस वर्षांनी. 'क्षणात पालट' म्हणणाऱ्यांनी हे पान जरूर वाचावे. आणि 'भ्रम होता' म्हणणाऱ्यांनीही, कारण भ्रम चाळीस वर्षे माणसाच्या मनात कुरतडत राहून शेवटी त्याच्याच धंद्यावर त्याला उठवून उभे करत नाही. खुद्द पौलाचे पाहा. दमास्कसच्या वाटेवरचा लखलखाट प्रेषितांच्या कृत्यांत तीनदा येतो. पण गलतीकरांना लिहिताना पौल स्वतः तो लखलखाट रंगवत नाही. प्रकटीकरणानंतर आपण अरबस्तानात गेलो आणि तीन वर्षांनी यरुशलेमला, एवढेच तो सांगतो. त्या तीन वर्षांत काय झाले ते कोणालाच ठाऊक नाही.

डोक्यावर परिणाम झाल्याचा आक्षेप १९०५ ला लागू करून बघू. त्या वर्षी मुक्तीत जे 'संजीवन' झाले त्यात मुली रडल्या, ओरडल्या, आगीने अंग भाजते म्हणाल्या. शेकडो मुली एकत्र राहत होत्या, त्यांतल्या कितीतरी दुष्काळातून जिवंत राहिलेल्या. मानसशास्त्राला इथे नक्कीच बोलायला जागा आहे आणि मी त्याला अडवणार नाही. परंतु ती भावना कशी उपजली एवढ्यावर तिची किंमत ठरत नाही. या आक्रंदनातून उठलेल्या मुली सकाळी छापखान्यात गेल्या, हातमागावर बसल्या, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवू लागल्या. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेले बायबलाचे सोप्या मराठीतले भाषांतर केडगावच्याच छापखान्यात या बायकांच्या हातून जुळले. इथे एक गोष्ट मात्र मला सलते. ज्या मुलीला एका बाईने भुकेतून उचलले त्या मुलीने त्याच बाईचा देव पत्करला, तर ती भेट म्हणायची की कृतज्ञता? बहुतेकींच्या मनात काय होते ते कागदावर आलेले नाही. शारदासदनची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई मात्र आपल्या धर्मातच राहिली आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिने पुनर्विवाह केला. म्हणजे रमाबाईंच्या छपराखाली नाही म्हणता येत होते. उपाशी पोरीला ते तितके सोपे होते का, याचे समाधानकारक उत्तर मला तरी देता येत नाही.

आणखी एक अडचण. 'देव मला भेटला' असे सविस्तर लिहून ठेवणारे मराठी ख्रिस्ती पाहिले तर त्यांत ब्राह्मण आणि वरच्या जातींची माणसे किती भरली आहेत! ज्याला लिहिता येते त्याची भेट इतिहासात जाते. अहमदनगर जिल्ह्यात अस्पृश्य कुटुंबांच्या कुटुंबांनी बाप्तिस्मे घेतले, त्यांना आपण सर्रास 'सामाजिक कारण' म्हणून निकालात काढतो आणि टिळकांचे मात्र 'आध्यात्मिक'. पाणवठ्यावर हाकलले जाणाऱ्या माणसाला कोणीतरी नावाने हाक मारली आणि शेजारी बसवले, तर त्या क्षणी त्याला देव भेटला नाही असे ठरवणारे आपण कोण?

भेटीसाठी लखलखाट लागतच नाही याचा पुरावा लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ठाऊक आहे, की नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर ही बाई रडली, रुसली, सोवळे-ओवळे घट्ट धरून बसली आणि मग ते एकेक करून सोडत गेली. रोजची भांडणे, स्वयंपाक, मुले, विनोद यांतून ती आपल्याच पायाने चालत ख्रिस्तापाशी आली, नवऱ्याच्या मागोमाग नव्हे. जात मनातून आधी गेली, बाप्तिस्मा नंतर झाला.

शेवटी सर्वधर्मसमभावी वाचकाचा प्रश्न: तुकोबांनाही देव भेटला, मग ख्रिस्ताच्याच भेटीचे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. मात्र त्याने खंडन होते ते मक्तेदारीचे, भेटीचे नव्हे. टिळकांना हे कुणी सांगायची गरज नव्हती. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असे ते स्वतःच म्हणत. १८९३ मध्ये आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला होता आणि ते दोन वर्षांत ख्रिस्ती झाले, ही गोष्ट सगळे सांगतात. पण पुढची बावीस वर्षे मिशनच्या चौकटीत घालवल्यावर १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना ख्रिस्ताचे शिष्य म्हणून सारखीच जागा ठेवली, हे फार थोडे जण सांगतात. मिशनच्या लेखी हा बेशिस्तपणा होता. मला विचाराल तर आगगाडीतल्या पुस्तकापेक्षा त्यांच्या भेटीचा भक्कम पुरावा हाच, कारण १८९५ ला त्यांनी नातलगांचा रोष ओढवून घेतला होता आणि १९१७ ला ज्यांच्यासाठी तो ओढवला त्यांचाही.