चार्जर वेगळा घ्या म्हणे!



आज पिकावर नाही, चार्जरवर लिहितोय. हसू नका. मोटार, स्टार्टर, फवारणी पंप यांच्या रांगेत आता मोबाइलही बसलाय. ई-पीक पाहणी मोबाइलवर, महाडीबीटीचा ओटीपी मोबाइलवर, बाजारभाव मोबाइलवर, आणि विहिरीवरची मोटार चालू-बंद करायची तरी मोबाइलवरूनच. म्हणजे हे शेतीचं औजार झालं. औजार अर्धवट विकत असतील तर त्यावर बोललंच पाहिजे.

आधी माझ्यावर काय बेतलं ते सांगतो.

दिवाळीनंतर जुना मोबाइल पार थकला म्हणून तालुक्याला जाऊन साडेचौदा हजाराचा नवा घेतला. दुकानातच डबा उघडला. आत मोबाइल, एक वायर, सिम काढायची सुई आणि चार कागद. चार्जर नाही. म्हटलं, राहिला का काय? दुकानदार म्हणाला, "काका, आता नाही येत डब्यात. वेगळा घ्यावा लागतो." कंपनीचा तेराशेचा, दुसरा एक साडेचारशेचा, आणि काउंटरवर दोरीला लटकवलेला एकशेवीसचा. हरभऱ्याचं बियाणं आणि खत घेऊन खिसा आधीच रिकामा झालेला. एकशेवीसचा उचलला. वर एक बारकी वायरही घेतली. पावती मागितली नाही, त्यानं दिली नाही.

महिनाभर चालला. हात लावला की भाजायचा, पण चालला.

डिसेंबरात गव्हाला पाणी चालू होतं. त्या आठवड्यात आमच्या फीडरला लाईट रात्रीची. मोबाइल कोठ्यातल्या बोर्डाला लावला आणि दारं धरायला गेलो. अकराच्या सुमारास कोठ्यावरचा बल्ब एकदम पांढराफटक पेटला आणि गेला. येऊन बघतो तर जळका वास, चार्जर फुटून काळा पडलेला आणि मोबाइल बंद. डीपीवर न्यूट्रल सुटला होता, हे सकाळी कळलं.

त्याच रात्री घरी गाय व्यायला लागली आणि अडली. बायको फोन लावतीय, माझा बंद. जनावराच्या डॉक्टरांचा नंबर फक्त माझ्याच मोबाइलमध्ये. शेवटी भावकीतल्या पोराला बॅटरी देऊन दीड किलोमीटर मळ्यात पिटाळलं. तिथून घरी, तिथून शेजारच्या गावात डॉक्टरांच्या दारात. यात दोन तास गेले. गाय वाचली, कालवड गेली.

कालवड चार्जरमुळं गेली असं मी म्हणणार नाही. पाय आतच मुडपलेला होता, डॉक्टर वेळेवर आले असते तरी कदाचित गेली असती. पण ते दोन तास मात्र त्या एकशेवीस रुपयांनी खाल्ले, एवढं नक्की.

पुढचा हिशोब असा. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी "लोकल चार्जर वापरलाय, वॉरंटीत बसत नाही" म्हणून हात वर केले. दुरुस्तीचे बत्तीसशे गेले. मग साडेचारशेचा चार्जर घेतलाच. म्हणजे वाचवायला गेलो तेराशे आणि घालवले पावणेचार हजार. चूक माझी आहे, मान्य. पण सगळीच माझी आहे का, हा खरा प्रश्न आहे.

कंपन्यांचं म्हणणं काय?

चार्जर डब्यातून काढायची लाट ॲपलनं आणली. ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ आला, तो चार्जरशिवाय. कंपनीनं सांगितलं की जगात आमचेच दोनशे कोटींवर चार्जर आधीच पडून आहेत, नव्याची गरज नाही. डबा लहान होतो, एका खेपेत ७० टक्के जास्त डबे बसतात, प्रदूषण कमी होतं. सॅमसंगनं जानेवारी २०२१ मध्ये एस २१ ला तेच केलं. ही महागड्या फोनची गोष्ट म्हणून आपण लक्ष दिलं नाही. पण पुढं एम आणि एफ मालिकेतल्या, म्हणजे आपण घेतो त्या किमतीच्या फोनमधूनही चार्जर गेला.

हे म्हणणं सगळं खोटं आहे असं मी म्हणत नाही. ई-कचरा खरा आहे. शहरातल्या माझ्या मेव्हण्याच्या कपाटात सात चार्जर निघाले, सगळे चालू. त्याला आठवा कशाला पाहिजे? त्याच्यापुरतं कंपनीचं बरोबर आहे.

पण आपल्या घरी बघा. त्या घटनेनंतर मी देवळी, फडताळ, ट्रंक सगळं शोधलं. सहा चार्जर निघाले. एक बटणाच्या फोनचा गोल पिनचा. तीन जुन्या बारीक पिनचे, वायर चार्जरलाच जोडलेली, म्हणजे नव्या फोनला बिनकामाचे. एकाचे पाय मोडलेले. उरला एक. त्याला जुनं चपटं भोक. आणि नव्या डब्यात जी वायर आली ती दोन्ही टोकांना सी टाइप! म्हणजे "तुमच्याकडं चार्जर आहेच" म्हणून चार्जर काढला, आणि सोबत वायर दिली ती त्या जुन्या चार्जरमध्ये जातच नाही. आता याला पर्यावरण म्हणायचं का धंदा, तुम्हीच ठरवा.

आपल्याला फास्ट चार्जर ही चैन नाही

दुसरी गोष्ट शहरवाल्यांच्या लक्षात येत नाही. जुना चार्जर ५ व्होल्ट १ अँपिअरचा, म्हणजे ५ वॅटचा. आजच्या ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास वीज मावते. ५ वॅटवर ती भरायला चार-पाच तास लागतात. २५ वॅटचा चार्जर तेच काम दीड तासाच्या आसपास करतो. ज्याच्या घरी २४ तास लाईट आहे तो रात्रभर लावून झोपेल, त्याला फरक पडत नाही. आपल्याकडं लाईट आहे तोवर मोबाइल भरून घ्यायचा असतो. विहिरीला पाणी आहे तोवर मोटार चालवून घेतो ना, तसंच. म्हणून चांगला चार्जर आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त लागतो, आणि नेमका तोच आपल्याला वेगळा घ्या म्हणतात.

तिसरी गोष्ट व्होल्टेजची. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. आपल्याकडं कुणी कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटार ओढतो, कुठं डीपीवर न्यूट्रल सुटतो. न्यूट्रल सुटला की घरात २३० च्या जागी चारशेच्या जवळपास जाऊ शकतं. एवढ्यात चांगला चार्जरही मरेल. पण चांगला चार्जर मरताना सहसा मोबाइलला सोबत नेत नाही. त्याच्यात फ्यूज असतो, वरची वीज आणि खालची वीज यांच्यामध्ये धड अंतर ठेवलेलं असतं. एकशेवीसवाल्यात नेमकं तेच वाचवलेलं असतं. तिथं धोका मोबाइलपुरता नाही, हातात मोबाइल धरलेल्या माणसालाही आहे. कडब्याच्या गंजीशेजारी बोर्ड असेल तर विचार करा.

मग चार्जर परत डब्यात टाकायचा का?

बऱ्याच जणांचं म्हणणं तसंच आहे. ब्राझीलनं तर सप्टेंबर २०२२ मध्ये चार्जरशिवायच्या आयफोनच्या विक्रीला बंदी घातली आणि दंडही ठोकला. मला मात्र युरोपची वाट जास्त पटते. तिथं २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलला सी टाइप सक्तीचं झालं, म्हणजे एक चार्जर कुणालाही चालावा. त्याच कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत. जो विक्रेता चार्जरसह फोन विकतो, त्यानं चार्जरशिवाय घ्यायची सोयही गिऱ्हाइकाला द्यायची. आणि आत चार्जर आहे का नाही, फोनला किती वॅटचा लागतो, हे डब्यावर चित्रानं दाखवायचं.

माझी मागणी एवढीच आहे. एक, डब्यावर मराठीत आणि चित्रात, लांबून दिसेल असं लिहा की आत चार्जर नाही, आणि किती वॅटचा लागेल. आमच्या बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती, शुद्धता, लॉट नंबर, मुदत सगळं छापायचा कायदा आहे. चौदा हजाराच्या डब्यावर एक ओळ छापायला काय जातं? दोन, चार्जर काढला तर त्याची किंमतही काढा. ज्याला पाहिजे त्याला त्याच दुकानात, फोन घेतानाच, वाजवी भावात मिळू द्या. स्टार्टरशिवाय मोटार विकायला कुणाची ना नाही, पण मोटारीचे पैसे स्टार्टरसकट घेऊ नका.

आणि ई-कचऱ्याची एवढी काळजी असेल तर जुने चार्जर गोळा करायला गावात या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत उत्पादकावर जबाबदारी टाकलेली आहे. माझ्या गावात अजून फक्त भंगारवालाच येतो.

तोवर आपण काय करायचं?

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर चार्जर बियाण्यासारखाच घ्या, नीट बघून, पावतीसकट.

१) मागची बारीक अक्षरं वाचा. "आउटपुट" समोर व्होल्ट आणि अँपिअर दिलेले असतात. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट. ५ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे १०, ९ व्होल्ट ३ अँपिअर म्हणजे २७. जास्त वॅटच्या चार्जरनं मोबाइल जळत नाही, चांगल्या बनावटीचा असेल तर मोबाइल लागेल तेवढंच ओढतो. उलट काही कंपन्यांचं फास्ट चार्जिंग त्यांच्याच चार्जरवर आणि त्यांच्याच वायरवर पूर्ण वेगानं चालतं. घेण्याआधी विचारा.

२) बीआयएसची खूण आणि त्याखाली इंग्रजी "आर" अक्षरानं सुरू होणारा आठ आकडी नंबर शोधा. नंबर नसेल तर चार्जर खाली ठेवा. असेल तर तिथंच उभं राहून "बीआयएस केअर" ॲपमध्ये टाकून बघा. कंपनीचं नाव आणि वस्तू जुळली पाहिजे. खूण छापणं सोपं आहे, नंबर जुळवणं अवघड. लिंकिंग करणाऱ्या दुकानदाराला आपण जसं दमात घेतो तसंच इथंही घ्या.

३) वायर चार्जरला बसते का ते दुकानातच लावून बघा. दोन्ही टोकं सी असतील तर चार्जरलाही सी भोक पाहिजे.

४) पक्की पावती घ्या. मी घेतली असती तर निदान भांडायला तोंड राहिलं असतं.

५) मळ्यात मोबाइल लावून पाण्याला जाऊ नका. घरून भरून न्या, नाहीतर पॉवर बँक ठेवा. लावायचाच असेल तर समोर बसून. पिन न लावता नुसत्या तारा सॉकेटात खुपसायचा प्रकार तर आजच बंद करा. एका युनिटात मोबाइल चाळीसएक वेळा भरतो, विजेची बचत हे कारण इथं चालत नाही.

६) डॉक्टर, वायरमन, भावकी यांचे नंबर घरातल्या भिंतीवर खडूनं का होईना, लिहून ठेवा. हे मला कालवडीनं शिकवलं.

साडेचारशेचा चार्जर आता घरात आहे. पोरांना सांगून ठेवलंय, ट्रॅक्टरची चावी आणि हा चार्जर, दोन्ही जागच्या जागी. गाय बरी आहे, परत गाभण आहे.

तुमच्या गावात डबा उघडल्यावर काय निघालं, आणि किती रुपयांचा कोणता चार्जर किती दिवस टिकला, ते खाली लिहा. बियाण्याच्या वाणाचे अनुभव आपण एकमेकांना सांगतो, याचेही सांगू. दुसऱ्याचे पैसे वाचतील.