माप दुसऱ्याच्या हाती का?

बाजारात ज्याच्या हाती माप, त्याच्या हाती व्यवहार, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. राष्ट्रांच्या व्यवहारातही हाच न्याय चालतो. फरक इतकाच, की तेथील माप पायली-शेराचे नसून तांत्रिक मानकांचे असते. दूरध्वनी कोणत्या लहरींवर बोलेल, संगणकात अक्षर कोणत्या संकेताने साठेल, मिरीचा कोणता दर्जा निर्यातीस योग्य ठरेल, हे सारे आधी कुठल्या तरी समितीत ठरते. मग कारखान्यात आणि शेतात उतरते. त्या समितीच्या मेजाभोवती कोण बसते, हा प्रश्न म्हणूनच स्वत्वाचा आहे. दुर्दैवाने आपल्या सार्वजनिक चर्चेत त्याला स्थान नाही.

मानके ऐच्छिक असतात, असे पुस्तकात लिहिलेले असते. परंतु १९९५ साली जागतिक व्यापार संघटनेबरोबर व्यापारातील तांत्रिक अडथळ्यांविषयीचा करार अमलात आला आणि त्या ऐच्छिकतेचे स्वरूप पालटले. सदस्य देशांनी आपले तांत्रिक नियम, जेथे शक्य असेल तेथे, आंतरराष्ट्रीय मानकांवर आधारावेत, असे तो करार सांगतो. म्हणजे जे मानक तयार होताना आपण झोपलो होतो, तेच पुढे आपल्या दारात नियम म्हणून उभे राहते. तेव्हा तक्रार करण्यात अर्थ नसतो.

आरंभी आपण असे झोपलेले नव्हतो, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४७ साली, भारतीय मानक संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मानक संघटना, म्हणजे आयएसओ, कार्यरत झाली आणि तिच्या संस्थापक सदस्यांत भारत होता. आपल्या मानक संस्थेचे पहिले संचालक डॉ. लालचंद वर्मन यांनी मानकीकरणाला स्वतंत्र विद्याशाखा मानून तिची तात्त्विक मांडणी केली आणि जगाने ती दखलपात्र मानली. हा वारसा नंतरच्या काळात आपण किती जपला?

याचे उत्तर शोधायला दूर जायला नको. आपली मायबोलीच साक्ष देईल. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली भारतीय तंत्रज्ञांनी घडवली. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णव्यवस्था एकच आहे, हे आपल्या प्राचीन व्याकरणकारांचे ज्ञान तिच्या मुळाशी होते. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तेव्हा देवनागरीचा आराखडा इस्कीच्या १९८८ सालच्या रूपावरूनच घेतला गेला. पाया आपला होता, पण त्यावरील इमारतीचे नकाशे अमेरिकेत मंजूर होऊ लागले.

परिणाम काय झाला? मराठीतील ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळायला २००८ साल उजाडावे लागले. तोवर ‘अ’ला चंद्र जोडून काम भागवले जात होते. आजही तोच शब्द दोन वेगळ्या संकेतांनी लिहिला जातो आणि एका रूपाने शोधले तर दुसरे हाती लागेल याची शाश्वती नसते. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतील अर्ध्या र-काराचीही तीच कथा. हिंदीला त्याची गरज नाही, म्हणून त्याच्यासाठी आग्रह धरण्याची जबाबदारी मराठी माणसाचीच होती. महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला आणि लेखनाविषयीचा निर्णय २००९ साली काढला. तोवर युनिकोड अठरा वर्षांचे झाले होते.

मोडीचे उदाहरण तर अंतर्मुख करणारे आहे. शिवकाल आणि पेशवाई ज्या लिपीत बोलते, ती मोडी २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत आली. तिचा प्रस्ताव अंशुमान पांडे या अमेरिकेत काम करणाऱ्या अभ्यासकाने चिकाटीने मांडला. त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल पडलेले असताना, हा प्रस्ताव महाराष्ट्रातील एखाद्या विद्यापीठातून का निघाला नाही? इतिहासाच्या नावाने सभा गाजवणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा. आणि इच्छाशक्ती असली की काय घडते, तेही पाहावे. रुपयाचे चिन्ह केंद्र सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते युनिकोडमध्ये दाखल झाले होते.

मेजाभोवती बसल्यावर सारे सुरळीत होते, असा भाबडा समज कोणी करून घेऊ नये. मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयीन दस्तऐवजांच्या स्वरूपाला आयएसओचे मानक म्हणून जलदगती मार्गाने मान्यता देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याचा मसुदा सुमारे सहा हजार पानांचा होता. २००७ साली भारताने त्याविरुद्ध मत दिले आणि २००८ सालीही ते बदलले नाही. प्रस्ताव संमत झाल्यावर भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला या देशांनी अपील केले. तेही फेटाळले गेले. मग या लढ्यातून काय मिळाले? विरोध तांत्रिक अभ्यासाच्या बळावर करता येतो, याचा अनुभव मिळाला. पुढे २०१० साली केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे धोरण जाहीर केले. एखाद्या बलाढ्य कंपनीच्या दारात राष्ट्राची कागदपत्रे गहाण पडू नयेत, ही दृष्टी अशा संघर्षांतूनच घडते.

आता एक प्रश्न आपल्याच मंडळींना. ‘जगाची मानके हवीत कशाला? आपण आपली स्वदेशी मानके करू,’ असे म्हणणारे अनेक सज्जन भेटतात. त्यांच्या भावनेबद्दल आदर ठेवूनही सांगावे लागते, की ही स्वदेशी नव्हे, हा एकांतवास आहे. ‘फाइव्ह-जीआय’चा अनुभव डोळ्यांसमोर ठेवावा. भारतातील विखुरलेल्या खेड्यांत मनोरे विरळ असतात. तेथे एका मनोऱ्याची पोच दूरवर जावी, यासाठी आपल्या तंत्रज्ञांनी पद्धत सुचवली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने तिला मान्यताही दिली. परंतु जग एका मानकावर आणि आपण दुसऱ्या, असे झाले असते तर उपकरणे महागली असती, अशी मोबाइल कंपन्यांची हरकत होती. अखेर २०२१ च्या अखेरीस ही पद्धत जागतिक मानकात विलीन करण्याचा मार्ग स्वीकारला गेला. काहींना हा पराभव वाटला. वस्तुतः भारतीय खेड्याची गरज जगाच्या मानकात शिरली, हेच खरे यश होय.

याहून ठसठशीत उदाहरण मसाल्यांचे आहे. अन्नपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने २०१३ साली मसाल्यांसाठी स्वतंत्र समिती नेमली आणि तिचे यजमानपद भारताकडे आले. २०१४ साली तिची पहिली बैठक कोचीला झाली; २०१७ साली मिरी आणि जिरे यांची मानके स्वीकारली गेली. शतकानुशतके मसाले आपण पिकवले, दर मात्र इतरांनी ठरवले. येथे निदान दर्जा ठरवताना यजमानाच्या खुर्चीवर भारत होता. हे काम घोषणांनी झाले नाही. मसुदे वाचणारी, नमुने तपासणारी, इतर देशांशी वर्षानुवर्षे चर्चा करणारी माणसे त्यामागे होती.

अशी माणसे आपण घडवतो का, हा खरा प्रश्न आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी मानके पाठ करतात. ती कशी घडतात, हे त्यांना किती महाविद्यालयांत शिकवले जाते? समितीत काम करणाऱ्या प्राध्यापकाला त्याची संस्था श्रेय देते का? लघुउद्योजकाला परदेशातील बैठकीचा खर्च पेलत नाही. त्याच्या संघटनेने एकत्रित प्रतिनिधी का पाठवू नये? आणि जे मानक आपण घडवण्यात वाटा उचलला, ते स्वतःच्या कारखान्यात पाळण्याची शिस्त आपल्यात आहे का? बाहेर मानक मांडायचे आणि घरात ‘चालते हो’ म्हणायचे, हे ज्या समाजाला चालते, त्याचा शब्द जगात कोणी मानत नाही.

भारतीय मानक ब्यूरो आपल्या मानकांचे मसुदे अभिप्रायांसाठी सर्वांपुढे ठेवते. त्याच्या समित्यांत उद्योगांप्रमाणे ग्राहक संघटना आणि शिक्षणसंस्थांनाही स्थान असते. आपल्या घराघरांत अभियंते आहेत, शिक्षक आहेत, निवृत्त तंत्रज्ञ आहेत. त्यांनी आपल्या विषयाचा एक मसुदा वाचावा आणि एक अभ्यासपूर्ण सूचना पाठवावी. राष्ट्रकार्य म्हणून याची गणना कोणत्याही सभेत होणार नाही, टाळ्याही मिळणार नाहीत. पण पुढच्या पिढीला माप दुसऱ्याच्या हातून घ्यावे लागू नये असे वाटत असेल, तर हे नीरस काम कोणीतरी अंगावर घेतलेच पाहिजे.