बटणाचा कैवार

भिंतीवरचं बटण दाबलं की दिवा लागतो आणि पुन्हा दाबलं की विझतो, ही सोय ज्या कोणाला अपुरी वाटली त्या गृहस्थाची आणि माझी एकदा गाठ पडली पाहिजे. मला त्याला काही विचारायचं नाही. नुसतं आमच्या वसईच्या घरी आणून संध्याकाळी न्हाणीघरात बसवायचं आहे.

त्याचं असं झालं, आमच्या चिरंजीवांनी यंदा दिवाळीच्या बोनसमधून घरातले दिवे 'शहाणे' करून घेतले. आजवर या घरात शहाणं माणूस एकच होतं आणि ते स्वयंपाकघरात असायचं, त्यामुळे मला जरा धास्तीच वाटली. प्रत्येक बल्बला वायफाय, न्हाणीघरात आणि आईच्या खोलीत माणूस आल्याचं ओळखणारा सेन्सर, आणि सगळ्यांची सूत्रं चिरंजीवांच्या फोनमध्ये. हा फोन रोज सकाळी लोकलने चर्चगेटला जातो. भिंतीवरच्या बटणांवर त्याने चिकटपट्ट्या मारल्या. कारण बटण बंद केलं की बल्बची वीजच तुटते, आणि मग फोनने कितीही हाका मारल्या तरी तो ओ देत नाही. थोडक्यात, ज्याच्या घरात दिवा त्याने त्याला हात लावायचा नाही.

पहिल्याच दिवशी देवघरातला बल्ब संध्याकाळी साडेसहाला लागणार होता. तो लागला रात्री बाराच्या ठोक्याला. दुसऱ्या दिवशी बारा. तिसऱ्या दिवशीही बारा. सौभाग्यवतींनी मीठ-मोहऱ्या घेऊन बल्बची दृष्ट काढली. मी इनव्हर्टर तपासला, चिरंजीवाने वायफायचा डबा बंद करून चालू केला. चौथ्या दिवशी उलगडा झाला. यंत्राचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालत होतं, आणि ग्रीनिच आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिथल्या घड्याळात संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे बारा. इंग्रज १९४७ साली गेले असा माझा समज होता. आमच्या देवघरात ते अजून दिवेलागणीची वेळ ठरवत होते.

घड्याळाचं एक वेळ सोडा, ते सुधारता आलं. सेन्सरचं काय करायचं? हा प्राणी माणूस पाहत नाही. अंगातून निघणारी उष्णता इकडून तिकडे सरकली की त्याला कळतं की कोणीतरी आहे. सरकली नाही, तर त्याच्या लेखी खोली रिकामी. हा न्याय लावला तर सकाळच्या विरार फास्टमध्ये एकही प्रवासी नाही, कारण तिथे कोणाला तसूभर हलता येत नाही! शिवाय अंगाची उष्णता आणि भोवतालची उष्णता यांत फरक असेल तर त्याची नजर चालते. वसईच्या मे महिन्यात तो फरक उरतो किती, हे घामाघूम झालेल्या माणसाला सांगायला नको. उलट त्याच्या भिंगावरून एखादी पाल गेली की रात्री तीनला न्हाणीघर उजळतं. पालीला मान आहे, कारण ती हलते.

वीज गेली तर निदान अंधार तरी हक्काचा असायचा. आता तोही नाही. वीज परत आली की या बल्बांना कळत नाही की आपण मघाशी चालू होतो की बंद. अशा वेळी सरळ पेटायचं असं त्यांना कारखान्यातूनच शिकवून पाठवलेलं असतं. पावसाळ्यात रात्री अडीचला वीज आली आणि आमचं घर नखशिखांत लखलखलं. पाच मिनिटांत समोरच्या इमारतीतून फोन, "काका, आजी बऱ्या आहेत ना?" रात्री अडीचला घरातले सगळे दिवे लागण्याचा अर्थ आपल्याकडे एकच असतो. आजी घोरत होत्या.

बल्ब रुसून बसला तर त्याची समजूत काढण्याचा उपाय ऐका. भिंतीवरचं बटण पाच वेळा लागोपाठ चालू-बंद करायचं. ज्या बटणाला तडीपार केलं, त्याच्याच पायाशी शेवटी यायचं!

"पण बाबा, वीज वाचते ना," चिरंजीव म्हणतात. बघू या. आमचा बल्ब नऊ वॅटचा. तो विसरून तासभर जास्त जळला तर नऊ वॅट-तास गेले. हा शहाणा बल्ब विझलेला असतानाही हुकमाची वाट पाहत जागा असतो आणि त्यासाठी अर्ध्या वॅटच्या आसपास खातो. दिवसाचे बावीस तास विझून राहिला तर अकरा वॅट-तास. म्हणजे माझ्या विसराळूपणापेक्षा याची तत्परता महाग. आकडेमोड दाखवल्यावर चिरंजीव म्हणाले, मुद्दा पैशांचा नाहीच.

नाहीच. मुद्दा आईचा आहे. ती चौऱ्याऐंशीची. संध्याकाळी माळ घेऊन बसते तेव्हा हलतो तो फक्त अंगठा. सात-आठ मिनिटांत सेन्सर ठरवतो की इथे कोणी नाही, आणि दिवा जातो. मग ती जपात एक हात वर करून हवेत हलवते. शेजारची नात परवा म्हणाली, "आजी टाटा करतायत." सगळे हसलो. आईसुद्धा हसली. पण या घरात तीस वर्षं अंधारात, डोळे मिटून तिचा हात बरोबर त्या बटणावर पडायचा. आता रात्री उठली तर दिवा लागेल की नाही याचा भरवसा नाही म्हणून ती भिंत चाचपत न्हाणीघरापर्यंत जाते. चिकटपट्टी काढत नाही. "त्याने हौसेने केलंय, बिघडेल," म्हणते.

परवा रात्री मी स्टूल घेतलं, दोन्ही ठिकाणचे सेन्सर उतरवले, साधे बल्ब लावले आणि पट्ट्या ओरबाडून काढल्या. आईने बटण दाबून पाहिलं, मग बंद केलं, मग उगाच पुन्हा लावलं. चिरंजीव आईची खोली आणि न्हाणीघर सोडायला तयार आहेत. मी देवघरही मागतोय. बोलणी चालू आहेत.