तांबडा दिवा कोणाच्या हाती?

दिल्लीतील एखाद्या चौकातला तांबडा दिवा नेमका कोणाचा, हा प्रश्न वरवर पोरकट वाटेल. उत्तर मात्र सोपे नाही. दिवा वाहतूक पोलीस चालवितात आणि दिल्ली पोलीस केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. दिव्याखालचा रस्ता कुठे दिल्ली सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचा, कुठे महापालिकेचा, कुठे नवी दिल्ली नगरपालिका परिषदेचा, तर कुठे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. तेथे खोळंबलेल्या वाहनांच्या धुराचा जाब दिल्ली सरकारला विचारला जातो आणि त्या सरकारलाही आदेश देणारा हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोग २०२१ च्या कायद्याने बसविला आहे. मुंबईहून बदलीवर आलेल्या अधिकाऱ्यास याचे नवल वाटते. तिकडेही खांब महापालिकेचा आणि पोलीस राज्याचा अशी वाटणी आहेच. पण वाद मिटविणारे सरकार एकच असते. १९९१ च्या ६९ व्या घटनादुरुस्तीने दिल्लीला विधानसभा दिली, पण पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन हे विषय तिच्याबाहेर ठेवले. चौकातील दिवा त्या फटीत अडकला आहे.

तंत्रज्ञानाची उणीव आहे असे नव्हे. ठरीव वेळेच्या सिग्नलला समोरची रांग दिसत नाही. रिकाम्या रस्त्यालाही तो पूर्ण हिरवा देतो आणि तुंबलेल्याला ताटकळत ठेवतो. रांग मोजून वेळ बदलणाऱ्या यंत्रणा ब्रिटन आणि सिडनीत १९७० च्या दशकापासून विकसित होत गेल्या. रस्त्याखाली पुरलेल्या तारांवरची मोजणी मार्गिका न पाळणाऱ्या आपल्या वाहतुकीत फसते, म्हणून कॅमेरे लागतात, इतकाच फरक. मुंबईने जागतिक बँकेच्या आणि बंगळूरने जपानच्या साहाय्याने हा प्रयोग केला आहे. दिल्लीतही योजनांचा तुटवडा कधी नव्हता.

तुटवडा होता तो राजकीय रसाचा. उड्डाणपुलाला कोनशिला असते, फीत असते. सिग्नलच्या वेळापत्रकाला काहीच नसते. राष्ट्रकुल स्पर्धांच्या सुमारास राजधानीने पुलांचा सपाटा लावला आणि ‘सिग्नलमुक्त’ हाच प्रगतीचा निकष ठरला. पुलावरून सुटलेली वाहने पुढच्या सिग्नलवर तुंबतात, ही बाब गौण मानली गेली. २००८ मध्ये आंबेडकरनगर ते मूलचंद हा बसमार्ग सुरू झाला. बसना स्वतंत्र टप्पे द्यावे लागल्याने चिराग दिल्ली चौकातील सिग्नलचे चक्र लांबले, मोटारींच्या रांगा वाढल्या, आणि सारा दोष बसमार्गिकेच्या माथी मारून २०१६ मध्ये तो मार्ग उखडला गेला. सिग्नलची आखणी सुधारून पाहावी, या पर्यायाला तेव्हा फारसा वाली नव्हता.

ऑक्टोबर २०२० मध्ये केजरीवाल सरकारने तांबड्या दिव्याला इंजिन बंद करण्याची मोहीम काढली. २०२२ मध्ये नायब राज्यपालांनी तिच्या परिणामकारकतेवर आणि चौकात उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकांच्या आरोग्यावर शंका घेऊन फाईल परत पाठविली. शंका गैर नव्हती. पण त्या वादात वाहनचालकाला उपदेश करणे योग्य की अयोग्य यावरच खल झाला; त्याला तितका वेळ थांबविण्याची गरज होती काय, हे विचारले गेले नाही. ज्याच्या हाती दिवा नाही ते सरकार उपदेशाखेरीज करणार तरी काय, हेही खरेच.

ही सबब आता उरलेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत भाजपचे सरकार आले, एप्रिलमध्ये महापौरपदही त्या पक्षाकडे गेले. केंद्रात तो होताच. संसदेच्या गृहविषयक स्थायी समितीने २०१८ मध्येच दिल्लीच्या बिघडत्या वाहतुकीवर स्वतंत्र अहवाल दिला होता. तरीही घटनेतली फट पक्षाच्या एकवाक्यतेने बुजत नाही, आणि उद्या सत्ता बदलली की ती पुन्हा रुंदावेल. सिग्नलची वेळ ठरविणारी आणि रस्त्याची आखणी बदलू शकणारी एकच नगरव्यापी यंत्रणा कायद्याने उभी करावयाची, तर त्यासाठी आजच्याइतका सोयीचा काळ क्वचितच येतो.

अर्थात, शहाण्या सिग्नलने दिल्लीची हवा निवळेल असा दावा कोणी करू नये. खोळंबा कमी झाला की आणखी मोटारी रस्त्यावर येतात, हा जगभरचा अनुभव आहे. बस वाढल्या नाहीत तर वाचलेली मिनिटे त्यांतच जिरतील. शिवाय यंत्राला रांग मोटारींचीच मोजावयास सांगितली, तर पादचाऱ्याच्या वाट्याचे सेकंद सर्वांत आधी कापले जातील.

आणि राजधानीत आणखी एक घटक असतो, तो म्हणजे काफिला. मान्यवरांसाठी चौक हाताने थोपविला जातो, तेव्हा रांगा मोजून आखलेले गणित कोलमडते आणि ते पूर्ववत होण्यास काफिला गेल्यानंतरही बराच वेळ लागतो. नवी यंत्रणा बसली तरी अशा मार्गांवर ती चालू राहील की पोलिसाचा हातच अखेरचा शब्द ठरेल, हे सांगणे दिल्ली सरकारच्या अधिकारात नाही. ते उत्तर नॉर्थ ब्लॉकची परंपरा चालविणाऱ्या गृहमंत्रालयाकडूनच यावे लागेल.