चिठ्ठी चालत होती, मग लिंक्डइनचे वावडे का?

आपल्या मंडळाच्या गेल्या सर्वसाधारण सभेत सातव्या विषयावर जेमतेम चार मिनिटे चर्चा झाली. सभासदांची व्यवसायवार नोंद करावी आणि लिंक्डइनसारख्या व्यावसायिक समाजमाध्यमाचा उपयोग कसा करावा याचे वर्ग सभागृहात दरमहा घ्यावेत, एवढाच तो विषय. एका ज्येष्ठ सभासदांनी ‘फेसबुकगिरीला मंडळाचा पैसा नाही’ असे म्हणून तो उडवून लावला. सभागृह हसले. पुढचा विषय कोजागिरीच्या मसाला दुधाचा होता, त्यावर पाऊण तास गेला. दूध आम्हालाही आवडते. परंतु ज्या घरांतील मुले बायोडाटा घेऊन वणवण करीत आहेत, त्या घरांच्या वतीने या हसण्याचा समाचार घेणे आम्हाला भाग आहे.

हसणाऱ्यांना आमचा पहिला प्रश्न असा, की आपण स्वतः नोकरीला कसे लागलात? दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतील जुन्या घरांत विचारून पाहा. कोणाच्या मामांनी चिठ्ठी दिली होती, कोणाच्या शेजाऱ्यांनी साहेबांच्या कानावर घातले होते. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. या संस्थानाचा इतिहासच ओळखींचा आहे. १८९२ साली लंडनमध्ये जेम्स कॉटन यांनी अरविंद घोष यांची सयाजीराव महाराजांशी गाठ घालून दिली आणि दरमहा २०० रुपयांवर एक बंगाली तरुण बडोद्याच्या सेवेत आला. केळुसकर गुरुजींनी भीमराव आंबेडकर या हुशार विद्यार्थ्यासाठी महाराजांकडे शब्द टाकला, त्यातून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, आणि पुढे १९१३ साली महाराजांच्याच मदतीने ते कोलंबिया विद्यापीठात गेले. केळुसकर ना त्यांचे नातलग, ना जातभाई. बागेत वाचत बसणारा मुलगा त्यांच्या नजरेस पडला, एवढीच मूळ ओळख.

पण त्याच इतिहासाचे दुसरे पान आपण उलटत नाही. १९१७ साली तेच आंबेडकर परदेशातील पदव्या घेऊन बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहातून त्यांना हाकलले गेले. कमाटीबागेतील संकल्पभूमीवर आज आपण पाहुण्यांना कौतुकाने नेतो, परंतु त्यांना घर नाकारणाऱ्या शहरात आपलीही घरे होती. ओळखींचे जुने जाळे काहींना वर उचलण्याइतकेच काहींना बाहेर ठेवण्याच्या कामी येत होते. चिठ्ठी देणारा मामा ज्याला नाही त्याने काय करावे, हा प्रश्न तेव्हाही कोणी विचारला नाही, आणि आजही मंडळात विचारला जात नाही.

आता तर मामाही निवृत्त झाले! आयपीसीएलमध्ये ‘आपला माणूस आत आहे’ हा आपल्या दोन पिढ्यांचा आधार होता. ती कंपनी २००२ साली खासगी हाती गेली आणि २००७ साली रिलायन्समध्ये विलीन झाली. नोकरभरतीचे निर्णय आता मुंबईला होतात, बंगळुरूला होतात, कधी सिंगापूरला होतात. तिथे रावपुऱ्यातली चिठ्ठी पोचत नाही.

समाजमाध्यमांचे मोल इथे आहे, आणि ते मोल टिकाऊ आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक गंमत दाखवून दिली. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारले, की ज्याने खबर दिली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता? वरचेवर भेटणाऱ्याकडून खबर मिळालेले शंभरात सुमारे १७ निघाले. बाकी सर्वांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्याकडून मिळाली होती. कारण साधे आहे. रोज भेटणाऱ्याला जे ठाऊक तेच आपल्याला ठाऊक असते, नवी बातमी लांबचा माणूस आणतो. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटी सदस्यांवरील पाच वर्षांच्या प्रयोगांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तोही त्याच दिशेचा होता: अगदी जिवलग नव्हेत आणि अगदी परकेही नव्हेत, अशा मधल्या ओळखी नोकरी बदलताना सर्वाधिक उपयोगी पडतात. अशा ओळखी शेकड्यांनी जपणे पोस्टकार्डाच्या काळात कोणाला जमले असते?

आपल्याच एका सभासदांच्या कन्येचे उदाहरण घ्या. केमिकल इंजिनिअर. मुलासाठी सहा वर्षे घरी बसली. पुन्हा अर्ज करू लागली तर कोणी उत्तरही देईना. विद्यापीठातली एक वर्गमैत्रीण, नऊ वर्षांत बोलणे नाही, लिंक्डइनवर दिसली. ती दहेजच्या एका कारखान्यात होती. चार ओळींचा निरोप गेला, महिन्याभरात मुलाखत झाली. आज ही मुलगी रोज पहाटे कंपनीच्या बसने दहेजला जाते. मंडळाला याचा पत्ताही नव्हता. मंडळाकडे तिची नोंद होती ती वधू-वर सूचीत, आणि तीही लग्न झाल्यावर काढून टाकलेली.

आक्षेप आम्ही जाणतो. फसवणूक होते, हे खरेच. समाजमाध्यमांवरील जाहिरातींना भुलून आपली मुले म्यानमारमध्ये अडकली, तेव्हा सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला इशारा द्यावा लागला. पण म्हणूनच तर वर्ग हवेत! नोकरीसाठी पैसे मागणारा ओळखावा कसा, कंपनीत आधी काम केलेल्या माणसाला शोधून विचारावे कसे, हे कोण शिकवणार? दुसरा आक्षेप असा, की ही फॅडे येतात आणि जातात. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, गूगल प्लस २०१९ मध्ये गेले. मान्य. लिंक्डइन २००३ पासून चालू आहे, म्हणून ते अमर आहे असे आम्ही म्हणत नाही. आपल्या संपर्कांची यादी तिथून उतरवून घेता येते, ती वर्षातून एकदा घरी जपून ठेवावी. दुकान बंद झाले तरी गिऱ्हाइकांची वही आपलीच राहते. आणि तिथेही आडनाव दिसतेच, कोणी आडनाव पाहून उत्तर देणे टाळतही असेल. मात्र दार ठोठावण्यासाठी तिथे कोणाच्या मामाची परवानगी लागत नाही.

राहता राहिला मंडळाचा व्हॉट्सॲप समूह. त्याचीच ढाल पुढे केली जाते, म्हणून लिहितो. सकाळी सूर्योदयाचे चित्र, दुपारी आयुर्वेद, रात्री राजकारण. मध्येच एखाद्याने मुलाचा बायोडाटा टाकला तर त्याखाली लगेच चौदा वाढदिवसाच्या शुभेच्छा! दुसऱ्या दिवशी तो कोणाला सापडत नाही.

येत्या वार्षिक सभेत आम्ही हाच ठराव पुन्हा मांडणार आहोत, आणि त्यात एक कलम वाढवले आहे: हे वर्ग आणि ही व्यवसायसूची सभासदत्वाची, जातीची वा आडनावाची अट न घालता शहरातील प्रत्येक मराठी भाषकाला खुली असावी. खर्च फार नाही. सभागृह आपले आहे, दोन संगणक ग्रंथालयात धूळ खात पडले आहेत, शिकवायला तीन तरुण सभासद विनामूल्य तयार आहेत. सूचक मिळाले, अनुमोदकही मिळाले. या वेळी मतदान हात वर करून नको, चिठ्ठ्या टाकून व्हावे, अशी लेखी मागणी आम्ही चिटणीसांकडे दिली आहे.