गाण्यांची यादी कोणत्या अक्षराने लावायची?



गेल्या आठवड्यात एका पालकाने शाळेच्या गेटवरच अडवलं. "गुरुजी, लेकराच्या वहीत जपानी गाण्याची नावं हायेत. मुखेडात राहून जपानी कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्यांना उभ्या उभ्या जे सांगितलं ते अपुरं होतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

जपानी शिकवायचा माझा दावा नाही. तसं आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं जपानी शिकतात, ही बातमी २०२० मध्ये आपण सगळ्यांनी वाचली होती. माझा विषय त्याहून लहान आहे. सहावीच्या मुलांना शब्दकोश दिला की ती पहिल्या पानापासून चाळायला लागतात, कारण वर्णमाला पाठ असूनही 'म' आधी की 'य' आधी हे चटकन सांगता येत नाही. तालासुरात म्हणायला लावलं की येतं, मधूनच विचारलं की अडतं. हा क्रम हाताखाली यावा म्हणून गाण्यांची वही सुरू केली. एका अक्षराला एक पान. गाण्याचं नाव ज्या अक्षराने सुरू होतं त्या पानावर ते लिहायचं. बस, एवढंच.

जपानी गाणी त्यात आली ती अशी. जपानमध्ये पूर्वी कराओकेची जाडजूड पुस्तकं असायची, त्यात गाण्यांची नावं पहिल्या अक्षरानुसार लावलेली असायची. तो क्रम मी फळ्यावर लिहिला: अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. मुलं म्हणाली, "सर, ही तर आपलीच आहे, मधली अक्षरं गाळलेली!" आणि ती खरंच आपली आहे. बौद्ध भिक्षूंनी मंत्र वाचण्यासाठी संस्कृतची सिद्धम् लिपी अभ्यासली, ती चीनमार्गे जपानात पोचली. ९व्या शतकाच्या सुरुवातीला कूकाई नावाचा भिक्षू चीनमधून ती शिकून परतला. त्या अभ्यासातून पुढे त्यांच्या अक्षरांचा हा तक्ता तयार झाला. त्यांचं अक्षरही आपल्यासारखंच, व्यंजन आणि स्वर मिळून एक. 'क' च्या ओळीत क, कि, कु, के, को. आपली बाराखडीच म्हणा, पाच घरांची.

मग एका मुलीने नेमकं बोट ठेवलं. आपल्याकडे 'क' च्या वर्गानंतर 'च' येतो, तिथे 'स' कसा? आणि 'प' च्या जागी 'ह' कसा? याचं उत्तर भाषेचे अभ्यासक असं देतात की जुन्या जपानीत त्या 'स' चा उच्चार 'च' च्या जवळचा होता आणि 'ह' चा 'प' होता. उच्चार बदलले, जागा तीच राहिली. याचा पुरावा गाण्यांच्या यादीतही दिसतो. 'फुरुसातो' म्हणजे आपलं मूळ गाव. हे गाणं १९१४ मध्ये जपानच्या सरकारी पाठ्यपुस्तकात आलं, तेही सहावीच्याच. ते 'ह' च्या ओळीत शोधावं लागतं, कारण ती ओळ ह, हि, फु, हे, हो अशी आहे. 'ह' मध्ये 'फ' कुठून आला, यावर वर्गात जेवढी चर्चा झाली तेवढी ओष्ठ्य वर्णांचा धडा शिकवताना माझ्या आख्ख्या नोकरीत झाली नव्हती. सगळ्यांनी आरशात ओठ बघून घेतले.

आमच्या वहीतली जपानी नावं मोजून पाच-सहा आहेत. 'आकातोंबो', म्हणजे लाल चतुर, 'अ' आणि 'आ' च्या भांडणात सापडलं (जपानीत तिथे दोन वेगळी अक्षरं नाहीत). 'साकुरा साकुरा' 'स' वर सुखाने बसलं. सगळ्यात मोठा घोळ घातला तो एका गाण्याने. क्यू साकामोतो याने गायलेलं 'उए ओ मुइते आरुको' हे १९६१ चं गाणं, नावाचा अर्थ साधारण 'वर बघत चालू या'. १९६३ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, पण तिकडे नाव दिलं 'सुकियाकी'. सुकियाकी हा मांस आणि भाज्या घालून शिजवायचा पदार्थ, आणि गाण्यात त्याचा उल्लेखसुद्धा नाही! म्हणजे आपल्या एखाद्या हळव्या गाण्याला परदेशात 'झुणका भाकर' म्हणून ओळखावं तसं. आता हे 'उ' वर की 'स' वर? पोरांनी गाणं 'उ' वर लिहिलं आणि 'स' च्या पानावर 'सुकियाकी, उ बघा' अशी ओळ टाकली. ग्रंथालयाच्या सूचीत हेच करतात, हे मी त्यांना नंतर सांगितलं.

आता माझं खरं म्हणणं. आपण शाळेत गाण्यांच्या याद्या करतो त्या कशा करतो? स्वागतगीत, समूहगीत, देशभक्तीपर, पर्यावरण. ही खाती गॅदरिंग बसवणाऱ्या आपल्या सोयीची आहेत. आजीची जात्यावरची ओवी कोणत्या खात्यात जाते? तांड्यावर सणाला म्हणतात ते गाणं? मग आपण 'लोकगीते' नावाचं एक शेवटचं खातं उघडतो आणि सगळं त्यात कोंबतो. अक्षराच्या यादीत हे होत नाही. आमच्या वहीत 'य' चं पान रिकामंच होतं. एका लेकराने तांड्यावरचं गाणं आणलं, ते 'याडी' या शब्दाने सुरू होतं. गोरमाटीत याडी म्हणजे आई. त्या पानावरचं ते पहिलं गाणं. दोन वर्षांत वर्गात फारसं न बोललेला तो मुलगा त्या दिवशी शब्दाचा अर्थ सगळ्यांना सांगत होता.

काही सहकारी म्हणतात, यात आशय कुठे आहे? विषयवार यादीने मूल्यशिक्षण होतं, अक्षराने काय होतं? मला हे पटत नाही. विषय ठरवायला मोठं माणूस लागतं. अक्षर मूल स्वतः ठरवतं आणि चुकलं तर स्वतः दुरुस्त करतं. आणि ते सोपं नसतं. आजी गाणं सुरू करताना आधी 'अगं बाई' म्हणते, मग ते 'अ' वर लिहायचं का? पोरांनी तीन आज्यांना विचारून नियम केला: प्रत्येक वेळी म्हणते तो गाण्याचा शब्द, कधी म्हणते कधी नाही तो आजीचा शब्द. 'क्षणभर' हा शब्द 'क' मध्ये की शेवटी 'क्ष' मध्ये, यावर तर कोशांचंही एकमत नाही. २००९ च्या शासन निर्णयाने 'ॲ' आणि 'ऑ' वर्णमालेत आले, त्यांना पानं दिली. उर्दू जाणणारा एक मुलगा म्हणाला, आमच्यात तर अलिफ, बे, पे. त्याने मागच्या कव्हरवर त्याच्या क्रमाने वेगळी यादी केली आहे.

'ण' आणि 'ळ' ही पानं कोरी आहेत, कोरीच राहतील. भेंड्यांमध्ये यांच्यावर येऊन लोक का अडकतात ते मुलांना आता कळलं. जपानी मुलांच्या शब्दांच्या भेंड्यांना शिरितोरी म्हणतात. त्यात ज्याचा शब्द 'न्' वर संपला तो हरला, कारण त्या अक्षराने त्यांचा शब्दच सुरू होत नाही. आम्ही आता 'ळ' ला तोच नियम लावतो.

कुणाला करून बघायचं असेल तर दोनशे पानी वही घ्या, पेन्सिलनेच लिहा आणि 'प' ला चार पानं सोडा. आम्ही एकच सोडलं होतं. घराघरातून आलेल्या ओव्या इतक्या संख्येने 'पहिली' या शब्दाने सुरू होतात की 'प' आता 'फ' च्या पानावर चढला आहे, आणि त्या आज्यांना वेगळं कसं ओळखायचं यावर सोमवारी वर्गात बैठक आहे.