पिल्लाची रोजकीर्द

भोरच्या पेठेत पुढे दुकान व मागे बिऱ्हाड अशा घरात वेल्ह्याकडच्या एखाद्या वाडीवरून कुत्र्याचे पिल्लू येते. मुलांचा आनंद दोन दिवस टिकतो. तिसऱ्या दिवशी धान्याच्या पोत्यापाशी ओल दिसते, पिल्लू ‘घाणेरडे’ ठरते आणि त्याला वरंधा घाटात सोडून देण्याची भाषा सुरू होते. वस्तुतः त्या पिल्लाला कोणी काही शिकवलेलेच नसते.

वाडीवर ते माती-गवतावर वाढले. ज्या जमिनीची पायांना सवय, तेथेच विसर्जन करण्याकडे कुत्र्याचा कल असतो. फरशी त्याला परकी. शिवाय २ महिन्यांचे पिल्लू दिवसा साधारण २ तास आणि ३ महिन्यांचे सुमारे ३ तासच लघवी धरू शकते. झोपेतून उठताच, खेळ संपताच आणि खाल्ल्यावर १५-२० मिनिटांत त्याला बाहेर न्यावेच लागते.

व्यापारी घराला येथे रोजकीर्दीची सवय उपयोगी पडते. खाणे, पाणी, झोप, बाहेर नेणे आणि घरात झालेली चूक, यांच्या वेळा आठवडाभर वहीत टिपाव्यात. चूक केव्हा होते ते नोंदींवरून कळते. त्याआधी १० मिनिटे पिल्लाला ठरलेल्या एकाच जागी न्यावे. काम होताच तेथेच शाबासकी व खाऊ द्यावा. घरात आल्यावर दिलेला खाऊ कशाबद्दल, हे त्याला उमगत नाही.

पावसाळ्यात या भागात झड लागली की पिल्लू उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. तेव्हा पडवीत पत्र्याखाली पसरट ट्रेमध्ये माती ठेवावी व ती वेळोवेळी बदलावी. फिनेलने पुसलेली फरशी माणसाला स्वच्छ वाटते. कुत्र्याच्या नाकाला जुना वास लागतोच आणि ते तेथेच परतते. म्हणून एन्झाइमयुक्त क्लीनर वापरावा.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण व अन्नपाननिरोध. ‘वध’ म्हणजे येथे मारहाण. तासन्‌तास साखळीला बांधणे, नाक घासून झोडपणे, लघवी होऊ नये म्हणून पाणी तोडणे, असे पाचांपैकी तीन अतिचार या एका कारणाने सुशिक्षित घरांतही घडतात. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या (१९६०) कलम ११ नुसार प्राण्याला अवाजवी काळ आखूड साखळीने जखडणे किंवा उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे, हा गुन्हाही आहे.

मारातून लाभ तर काहीच नाही. मार खाल्लेले पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर लघवी करू नये. मग ते कपाटामागे जाते. आणि शिकलेले कुत्रे अचानक घरात लघवी करू लागले, तर मूत्रमार्गाच्या संसर्गाची शंका घेऊन त्याला पशुवैद्यकाकडे न्यावे.

चार-सहा महिने नेमाने वेळ पाळली, तर बहुतेक पिल्ले दाराशी येऊन स्वतःच बाहेर जाण्याची खूण करू लागतात. ती खूण ओळखून दार उघडणारे कोणीतरी मात्र घरात हवे.